टाचेचे दुखणे आणि विजेचा उपचार

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे राजे, लढाया आणि तह यांच्यावर बोलावयाचे, असा एक समज आहे. ते विषय आम्ही आमच्याहून अधिक शिकलेल्या वक्त्यांकडे सोपवतो. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. पुष्कळसे झाले ते कामगारांच्या बैठकांत, दवाखान्याच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. म्हणून आम्ही विषय घेतला आहे तो माणसाच्या टाचेचा. टाच दुखू लागली की ती गप्प कशी करावी, याचा शोध माणूस फार जुन्या काळापासून घेत आला आहे, आणि त्या शोधात विजेचे व मज्जातंतूंचे प्रकरण मोठे रंजक आहे. त्याबरोबरच टाच मुळात दुखते कोणाची आणि का, हेही पाहावे लागेल. कामगार चळवळीत वय गेलेल्या माणसाला तो प्रश्न टाळता येत नाही.

मुरुडच्या बाजारपेठेत एक फेरी मारली तरी हे दुखणे कोणाच्या वाट्याला येते ते कळते. मोंढ्यात पोती वाहणारा हमाल, डाळ मिलमध्ये चाळणीपाशी दिवसभर उभी असलेली बाई, हॉटेलातला वाढपी, कापडाच्या दुकानातला नोकर, दवाखान्यातली परिचारिका, ऊसतोडीला जाऊन डोक्यावर मोळी घेऊन फडातून गाडीपर्यंत खेपा घालणारे जोडपे, ही सगळी मंडळी एकच तक्रार सांगतात. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकले की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते. दहा-वीस पावले चालले की ती थोडी निवते, आणि संध्याकाळी काम संपता संपता पुन्हा उभी राहते. आमच्याकडे याला 'टाचेचे हाड वाढले' असे म्हणतात. फोटोत कधी हाडाची लहानशी चोच दिसतेही. परंतु ती चोच असून ज्यांना काही दुखत नाही असे लोक पुष्कळ आहेत, आणि चोच नसताना ज्यांना चालवत नाही असेही आहेत. तेव्हा सगळा दोष हाडाच्या माथी मारणे बरोबर नाही.

खरे कारण बहुधा निराळे असते. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट, पांढरा पट्टा गेलेला आहे. तळव्याची कमान त्याच्या ताणावर उभी असते. अंगावरचा भार आणि उभे राहण्याचे तास वाढले की हा पट्टा जेथे हाडाला चिकटलेला असतो तेथे झिजू लागतो. रात्री पाय सैल पडलेला असताना तो आखडतो, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. म्हणून पहिले पाऊल इतके जड जाते. या दुखण्याची वार्ता मेंदूकडे नेणारा मोठा मज्जातंतू पोटरीतून उतरतो, आतल्या घोट्याच्या मागून एका अरुंद वाटेने तळव्यात शिरतो आणि टाचेला आपल्या शाखा देतो. घोट्यामागचा हा मज्जातंतू लक्षात ठेवावा. आमच्या कथेत तो पुढे दोनदा येणार आहे.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना हे दुखणे ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत 'वातकंटक' नावाचा विकार आहे. पाय वेडावाकडा पडल्याने किंवा श्रमाने घोट्या-टाचेच्या ठिकाणी वायू कोपतो व काट्यासारखे दुखते, असे त्याचे वर्णन आहे. पुढच्या काळातल्या वैद्यकग्रंथांनी त्यावर रक्त काढणे, एरंडेल पिणे आणि तापलेल्या सुईने डाग देणे असे उपाय सांगितले. गावोगावी त्याचेच अवशेष राहिले. तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून त्यावर टाच शेकणे आमच्या आया-आज्यांनी केले. बिब्याचा चटका देणारेही होते आणि लोखंडाचा डाग देणारेही होते. शेकाने आराम पडतो हे खरे. चटक्याने एक दुखणे दुसऱ्या दुखण्याखाली झाकले जाते, हेही खरे. पण जखम चिघळून कामाचे दिवस बुडाले, असेही पुष्कळदा होई.

विजेचा उपचार त्या मानाने नवा वाटतो, परंतु त्याचे मूळ दोन हजार वर्षांमागे रोमपर्यंत जाते. सम्राट क्लॉडियसच्या काळात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होऊन गेला. इसवी सन ४७ च्या सुमारास त्याने औषधांचा एक ग्रंथ लिहिला. पायाच्या संधिवाताची कळ उठली की रोग्याने समुद्रकाठी ओल्या वाळूवर उभे राहावे, पायाखाली पाकटाच्या जातीचा जिवंत विजेचा मासा ठेवावा, आणि गुडघ्यापर्यंत पाय बधिर होईतो तसेच उभे राहावे, असा उपाय त्याने त्यात दिला आहे. या उपायाने बरे झाल्याचे म्हणून तो अँटेरॉस या माणसाचे नाव देतो. अँटेरॉस हा टायबेरियस बादशहाने मुक्त केलेला गुलाम होता. वीज म्हणजे काय हे रोमन लोकांना ठाऊक नव्हते. मासा पायाला मुंग्या आणतो आणि मुंग्या आल्या की कळ थांबते, एवढे त्यांनी पाहिले होते. संधिवात आणि टाचदुखी ही एक नव्हेत, हे खरे. पण दुखऱ्या पायावर विजेने इलाज केल्याची इतकी जुनी नोंद दुसरी आमच्या वाचनात नाही. तीत ज्याचे नाव आले तो माणूस एकेकाळी दुसऱ्याच्या मालकीचा होता, याची आम्हाला विशेष नवलाई वाटते.

त्यानंतर सतराशे वर्षांनी यंत्राने वीज निर्माण करण्याची युक्ती युरोपला सापडली. १७४५-४६ मध्ये वीज साठवणारी काचेची बरणी तयार झाली आणि लगोलग वैद्य व हौशी लोक तिने रोग्यांना झटके देऊ लागले. इंग्लंडचा धर्मप्रचारक जॉन वेस्ली याने १७५६ साली एक यंत्र मिळवले आणि लंडनच्या गोरगरिबांना फुकट वीज देण्याची सोय केली. १७६० मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. श्रीमंतांच्या डॉक्टरांची फी ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी हा स्वस्त उपाय आहे, अशी त्याची भूमिका होती. १७९१ मध्ये इटलीच्या गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले, आणि मज्जातंतूंचा विजेशी काही घरोबा आहे हे जगाला कळले. १८०० साली व्होल्टाने पहिली बॅटरी बनवली. १८३१ मध्ये फॅरडेने चुंबकापासून वीज मिळवली. १८५५ साली फ्रान्सच्या द्युशेन या डॉक्टरने शरीराच्या नेमक्या एका स्नायूला वीज कशी द्यावी, याचे शास्त्र ग्रंथरूपाने मांडले.

येथपर्यंत ठीक होते. पुढे व्यापाऱ्यांनी हात घातला. इंग्लंड-अमेरिकेत कंबरेला बांधण्याचे विजेचे पट्टे आणि घरगुती बॅटरीच्या पेट्या निघाल्या, आणि डोकेदुखीपासून नामर्दपणापर्यंत सर्व रोग त्यांनी बरे होतात अशा जाहिराती झळकल्या. भोंदूपणा इतका वाढला की विसाव्या शतकाच्या आरंभी वैद्यकशिक्षणाची शिस्त लागू लागली तेव्हा प्रतिष्ठित डॉक्टरांनी या उपचाराकडे पाठ फिरवली. १९१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या फ्लेक्सनर अहवालानंतर तर तो बहुतेक महाविद्यालयांबाहेर गेला. त्यात जे खरे होते तेही काही काळ खोट्याबरोबर अडगळीत पडले.

वीज अशी बरणीतून बॅटरीत आणि बॅटरीतून पट्ट्यात जात असताना उभे राहून काम करणाऱ्यांच्या टाचांवर काय गुजरत होते, तेही याच जागी पाहिले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत साच्यांवर कामगार पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत उभे असत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्यांचा जो अर्ज केला, त्यात रविवारची सुट्टी होती आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. अर्धा तास बसावयास मिळावे, एवढी ती मागणी! रविवारची सुट्टी १८९० साली पदरात पडली आणि दुपारची अर्धा तास विश्रांती १८९१ च्या कायद्यात आली. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये ती ११ वर आली, १९३४ मध्ये १० वर आणि १९४६ मध्ये ९ वर. टाचेच्या दृष्टीने पाहिले तर यातले प्रत्येक पाऊल हे एकेक औषधच होते.

आमच्या भागात त्याच १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोचली. अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी मुरुडवरून जाई. त्या रुळांची राखण करणारे गँगमन रोज मैलोन्‌मैल खडीवरून आणि स्लीपरांवरून चालत. १९५४ साली ती रेल्वे सरकारची झाली आणि आता तिच्या जागी रुंद रूळ आले आहेत. परंतु खडीवरून चालणारे पाय अजून आहेत. रूळ रुंद झाल्याने खडी मऊ होत नाही.

आता पुन्हा विजेकडे वळू. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी वेदनेविषयी एक नवा सिद्धांत मांडला. त्याला 'फाटकाचा सिद्धांत' म्हणतात. आपल्याला ठेच लागली की आपण ती जागा हाताने चोळतो आणि बरे वाटते. का वाटते? त्यांनी उत्तर दिले ते असे : स्पर्शाची वार्ता जाड तंतूंतून वेगाने येते, दुखण्याची वार्ता बारीक तंतूंतून सावकाश येते, आणि दोन्ही वार्ता पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एका फाटकाशी मिळतात. मोंढ्याच्या फाटकात आधी आलेल्या गाड्यांनी वाट भरली की मागची गाडी बाहेरच खोळंबते, तसे स्पर्शाच्या वार्तेने फाटक भरले की दुखण्याची वार्ता अडून राहते. या सिद्धांताच्या तपशिलात पुढे बदल झाले, पण मुख्य कल्पना टिकली. १९६७ साली वॉल आणि स्वीट यांनी जाड तंतूंना हलकी वीज देऊन काही रोग्यांची वेदना तात्पुरती थांबवून दाखवली. त्याच वर्षी शीली नावाच्या अमेरिकन शल्यचिकित्सकाने मज्जारज्जूपाशी विजेचे यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया केली. असे यंत्र कोणास मानवेल ते आधी ताडून पाहण्यासाठी डॉक्टर कातडीवर पट्ट्या चिकटवून वीज देऊ लागले, आणि काही रोग्यांना त्या वरच्या पट्ट्यांनीच पुरेसा आराम पडला! खिशात मावणारे, बॅटरीवर चालणारे, 'टेन्स' या नावाने ओळखले जाणारे यंत्र १९७० नंतर सर्वत्र पसरले ते असे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन येथे, शरीर स्वतःच अफूसारखे वेदनाशामक पदार्थ तयार करते, असा शोध लागला. सावकाश ठोके देणारी वीज बहुधा त्या मार्गानेही काम करते.

या कथेचा एक धागा सोलापुरातून जातो. १९३८ साली चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ च्या डिसेंबरात तेथेच, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी वारले. त्यांचे सहकारी कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू परत आले. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले असता सुया टोचण्याची तिकडची विद्या शिकले आणि १९५९ पासून त्यांनी ती भारतात सुरू केली. त्याच सुमारास चिनी डॉक्टर या सुयांना हलकी वीज जोडू लागले होते. पुढे पाश्चात्त्य डॉक्टरांनीही बारीक सुई थेट मज्जातंतूजवळ नेऊन वीज देण्याची रीत बसवली. आमच्या जुन्या वैद्यांची तापलेली सुई, चीनची सुई आणि आजची विजेची सुई यांची शास्त्रे वेगळी आहेत, पण तिघींचा रोख एकच : दुखण्याचा निरोप वाटेत गाठावयाचा.

आज टाचदुखीच्या रोग्याला काय मिळू शकते? बहुतेकांना विजेची गरजच पडत नाही. पोटरीचे व तळव्याचे ताण, टाचेखाली मऊ गादी, योग्य पादत्राण आणि विश्रांती एवढ्यावर दहांतले आठ-नऊ जण वर्षभरात बरे होतात. जे उरतात त्यांचे दुखणे हट्टी म्हणावयाचे. त्यांच्यासाठी घोट्यामागच्या त्या मज्जातंतूवर पट्ट्या लावून रोज अर्धा तास वीज देणे, सुईने वीज देणे, किंवा अतिजलद विद्युत्प्रवाहाने टाचेची मज्जाशाखा शांत करणे असे उपाय आहेत. यांतून काहींना महिनोन्‌महिने आराम मिळतो. पण अतिशयोक्ती करू नये. १९१० पूर्वीच्या पट्टेवाल्यांनी तीच केली होती. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ताण व पादत्राणाच्या जोडीला सावकाश ठोक्यांची वीज देऊन पाहिली, तर विजेने अधिक काही पदरात पडले नाही. इतर चाचण्यांत थोडा लाभ दिसला, पण त्या बहुधा लहान आहेत. ज्यांच्या छातीत हृदयाचे यंत्र बसवले आहे त्यांनी, आणि मधुमेहाने ज्यांचे तळवे बधिर झाले आहेत त्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाजारातून यंत्र आणून लावू नये.

तळवा बधिर होणे ही काय आपत्ती आहे, हे घोट्यामागचा तोच मज्जातंतू सांगतो. कुष्ठरोगात तो मरतो. मग टाचेला काटा रुतला तरी कळत नाही, खडा घुसला तरी कळत नाही, आणि माणूस जखमेवर चालत राहतो. भारतात जन्मलेले इंग्रज शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे १९४६ नंतर कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर काम करताना हेच पाहिले : बोटे झडतात त्याला मोठे कारण वेदना नाहीशी होणे हे आहे. बाबा आमट्यांच्या आनंदवनात ज्यांनी असे पाय पाहिले आहेत त्यांना हे सांगावे लागत नाही. वेदना हा निरोप आहे. निरोप्याचे तोंड बंद केले म्हणजे घरात लागलेली आग विझली, असे होत नाही.

आमचा मुद्दा येथे आहे. टाचेचा निरोप काय आहे? २००३ साली अमेरिकेत टाचदुखीच्या ५० रोग्यांची १०० निरोगी माणसांशी तुलना केली गेली. तीत तीन गोष्टी पुढे आल्या : घोट्याचा आखडलेपणा, शरीराचे वजन, आणि कामाचा बहुतेक वेळ पायांवर काढणे. पहिल्या दोन गोष्टींवर डॉक्टर आणि रोगी मिळून इलाज करू शकतात. तिसरी गोष्ट रोग्याच्या हाती नसते. वाढप्याला यंत्राने आठ दिवस आराम दिला आणि नवव्या दिवशी तो पुन्हा बारा तास फरशीवर उभा राहिला, तर त्याचे दुखणे हट्टी ठरते. आम्ही म्हणतो, हट्टी त्याची टाच नव्हे. त्याचे काम हट्टी आहे.

यावर कायद्यात इलाज लिहिलेला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्ये म्हटले होते की, ज्यांना उभ्याने काम करावे लागते अशा सर्व कामगारांसाठी बसण्याची सोय असावी, म्हणजे कामात मिळणाऱ्या उसंतीचा त्यांना लाभ घेता येईल. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ही सोय आहे. इंग्लंडमध्ये दुकानांतल्या नोकर स्त्रियांना बसावयास जागा द्या, असा कायदा १८९९ सालीच झाला होता. आपल्या देशात दुकानांच्या बाबतीत पहिला मान केरळचा. तेथे कापडाच्या व दागिन्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे चळवळ केली आणि २०१८ मध्ये बसण्याचा हक्क मिळवला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तसाच कायदा केला. हमालांपुरते बोलावयाचे तर आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९६७ सालीच, पुरुषाने वाहावयाचे ओझे ५५ किलोंच्या वर नसावे, अशी शिफारस केली. आणि महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हमालाला मंडळाचे छत्र दिले. त्या छत्राखाली अजून किती जण आले नाहीत, हे मोंढ्यात उभे राहून कोणीही मोजावे.

कायदा छापला म्हणजे बाक तयार होत नाही. कामगार विमा योजना १९५२ पासून चालू आहे, पण ऊसतोड करणारा, हॉटेलात टिपांवर जगणारा आणि रोजंदारीचा हमाल तिच्या बाहेर राहतो. व्यवसायजन्य रोगांच्या सरकारी यादीत शिशाच्या विषापासून फुप्फुसांतल्या धुळीपर्यंत पुष्कळ गोष्टी आहेत. टाचदुखीला तीत जागा नाही. म्हणून टाच दुखली तर तो त्या माणसाचा खासगी मामला ठरतो, आणि त्याचा दिवस बुडाला तर त्याची मजुरी बुडते.

यासाठी मुरुडकरांपुढे आम्ही दोन गोष्टी ठेवतो. पहिली : मज्जातंतूंवरचा विजेचा उपचार हा श्रीमंतांच्या खासगी दवाखान्यापुरता राहू नये. लातूर व नांदेड येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे हट्टी टाचदुखीवरचा हा उपचार गरिबाला विनामूल्य मिळावा, आणि तो मिळतो हे गावोगावच्या दवाखान्यांत पाटीवर लिहिलेले असावे. वेस्लीला १७५६ मध्ये जे सुचले ते आपल्याला आज जड जाऊ नये. दुसरी : ही मंडळी जेथे दिवसभर उभी असतात त्या प्रत्येक दुकानात, डाळ मिलमध्ये आणि हॉटेलात गिऱ्हाईक नसताना टेकता येईल असे एक स्टूल असावे, आणि त्यावर बसलेल्या नोकराला मालकाने आळशी म्हणू नये. गिऱ्हाइकांनीही म्हणू नये. उद्या खरेदीला जाल तेव्हा काउंटरमागे स्टूल आहे का तेवढे पाहा, आणि नसेल तर दुकानदाराला सरळ विचारा. संघटनेने दहा अर्ज करून जे होत नाही ते गिऱ्हाइकाच्या एका प्रश्नाने पुष्कळदा होते.